दोष दिसला, तर तो कोणास सांगावा?

भोसरीच्या एखाद्या लहानशा कारखान्यांत ओतकामाचा तुकडा यंत्रावर चढतो, कांतला जातो आणि शेवटीं तपासनिसाच्या हातीं येतो. त्यास केसाएवढा तडा दिसला, तर तपासनीस त्यावर लाल खूण करून तो वेगळा ठेवतो. तडा गेलेला तुकडा नजरचुकीनें पिंपरीच्या किंवा चाकणच्या मोठ्या कारखान्यांत पोहोंचलाच, तर तेथून माल पुरविणाऱ्यास, म्हणजे आपल्या भागांतील बोलींत ‘व्हेंडरला’, लेखी तक्रार जाते. दोष कशामुळें आला, हातीं असलेला माल कसा सांवरला आणि तसा दोष पुन्हां येऊं नये म्हणून काय केलें, हें व्हेंडरनें मुदतींत कळवावयाचें असतें. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांपैकीं अनेकांस यांत नवल वाटणार नाहीं. कित्येकांचा तो रोजचा व्यवसायच आहे.

हा झाला डोळ्यांस दिसणाऱ्या व हातांत धरतां येणाऱ्या मालाचा प्रकार. परंतु आज प्रत्येक मोठ्या कारखान्यांत, बँकेंत आणि कचेरींत आणखी एक माल विकत घेतलेला असतो, तो म्हणजे संगणकाची आज्ञावली. तिला वजन नाहीं, रंग नाहीं, आणि तिच्यांतील तडा भिंगाखालीं धरूनही दिसत नाहीं. असा तडा कोणास सांपडला तर त्यानें काय करावें, कोणास सांगावें आणि कोणास सांगूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर शेवटीं माणसाच्या सचोटीवर अवलंबून आहे, म्हणून विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही तो समजून घेणें इष्ट आहे. उदाहरणादाखल आपण प्रथम ‘मेनफ्रेम’ या जातीचा संगणक घेऊं, कारण आज्ञावलींतील दोष निर्मात्यानें आपला मानावा, ही रीत त्याच्या बाबतींत फार लवकर ठरली.

मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळीं हजारों लोकांचीं कामें उरकणारा मोठा संगणक. आयबीएम या अमेरिकन कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं ‘सिस्टिम ३६०’ या नांवाची संगणकांची मालिका जाहीर केली. त्या कंपनीच्या आजच्या मेनफ्रेमचें कूळ त्या मालिकेपर्यंत पोहोंचतें, आणि कित्येक दशकांपूर्वीं लिहिलेल्या आज्ञावली त्यांवर अजूनही चालतात. बँकांचीं खातीं, विम्याच्या पॉलिसी, विमानांचीं आरक्षणें, सरकारी करांच्या नोंदी अशीं कामें जगांत अनेक ठिकाणीं या यंत्रांवर होतात. आपल्या शेजारच्या हिंजवडीस रोज कामाला जाणाऱ्या तरुण-तरुणींपैकीं कित्येकजण दूरदेशच्या बँकांच्या मेनफ्रेमवरील ‘कोबॉल’ भाषेंतील आज्ञावली येथें बसून सांभाळतात. यंत्र परदेशांत, पैसा परक्याचा आणि राखणदार आपल्या गांवचा, असा हा व्यवहार आहे.

अशा यंत्रांत अनेकांचें काम एकाच छपराखालीं चालतें, म्हणून एकाच्या कामांत दुसऱ्यानें हात घालूं नये याची व्यवस्था असावी लागते. मेनफ्रेमची स्मृति लहान लहान खणांत विभागलेली असते. आजच्या यंत्रांत एका खणांत ४०९६ अक्षरें मावतात. प्रत्येक खणास ० ते १५ यांपैकीं एक क्रमांक दिलेला असतो, आणि ज्या आज्ञावलीपाशीं त्या क्रमांकाची किल्ली असेल तिनेंच त्या खणांत लिहावें, असा सामान्य दंडक आहे. शून्य क्रमांकाची किल्ली मात्र सर्व खणांस लागते. ती यंत्राच्या मुख्य आज्ञावलीपाशीं व विश्वासानें अधिकार दिलेल्या थोड्या आज्ञावलींपाशींच असते. सामान्य आज्ञावलीस कांहीं विशेष काम करून हवें असेल, तर तिनें मुख्य आज्ञावलीकडे अर्ज करावा. मुख्य आज्ञावलीनें तो तपासावा आणि योग्य असेल तरच काम करून द्यावें.

दोष शिरतो तो पुष्कळदां या अर्जाच्या तपासणींत. समजा, एका कचेरींत एका गृहस्थानें खिडकींतून अर्ज आंत दिला. कारकुनानें तो वाचला, मजकूर योग्य म्हणून मान डोलाविली, आणि शिक्का घेण्यासाठीं तो मागें वळला. तेवढ्यांत अर्जदारानें खिडकींतून हात घालून कागद बदलला. कारकुनानें परत येऊन शिक्का मारला तो न तपासलेल्या कागदावर! कारकून लबाड नव्हता, शिक्का खोटा नव्हता. तपासणें आणि शिक्का मारणें या दोहोंच्या मधल्या क्षणांत कागद अर्जदाराच्या हाताशीं राहिला, एवढाच दोष. आयबीएममधील डब्ल्यू. एस. मॅकफी यांनीं मेनफ्रेमच्या मुख्य आज्ञावलीच्या अभेद्यतेवर १९७४ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत या जातीच्या दोषाचें विवेचन आहे. उपाय सांगावयास सोपा आहे: कारकुनानें अर्जाची नक्कल प्रथम आपल्या टेबलावर घ्यावी, आणि तपासणी व शिक्का हीं दोन्हीं कामें त्या नकलेवरच करावींत. परंतु लाखों ओळींच्या आज्ञावलींत अशी एखादी उघडी खिडकी राहून जाणें अशक्य नाहीं, आणि ती प्रथम सज्जनाच्या दृष्टीस पडेल कीं चोराच्या, याचा नेम नाहीं.

म्हणूनच आयबीएमनें १९७३ सालीं आपल्या ग्राहकांस एक जाहीर वचन दिलें. त्याचा आशय असा कीं, जिला अधिकार दिलेला नाहीं अशा आज्ञावलीस मुख्य आज्ञावलीचें संरक्षण ओलांडतां येऊं नये, या हेतूनेंच तिची रचना केली जाईल. आणि तें ओलांडतां येतें असें आढळून आल्यास कंपनी तो दोष दूर करील. या वचनामुळें एक मोठी गोष्ट साधली. दोष दाखविणाऱ्यास ‘तुम्हींच यंत्र नीट वापरलें नाहीं’ असें म्हणून वाटेला लावण्याची सोय निर्मात्यानें स्वतःच सोडून दिली. ग्राहकाची तक्रार खरी ठरली कीं तिची क्रमांकासह नोंद होते. मेनफ्रेमच्या धंद्यांत त्या नोंदीस ‘एपार’ म्हणतात, आणि ग्राहकांकडे पाठविल्या जाणाऱ्या दुरुस्तीस ‘पीटीएफ’.

येथपर्यंत हा व्यवहार भोसरीच्या व्यवहारासारखाच दिसतो. परंतु एक मोठा फरक आहे. ओतकामाच्या धंद्यांत तक्रार करणारा कारखाना मोठा आणि व्हेंडर लहान असतो. पुढची ऑर्डर त्याच्या हातीं असल्यामुळें त्याच्या पत्रास उत्तर येतेंच. आज्ञावलीच्या व्यापारांत पारडें उलटें आहे. तेथें व्हेंडर म्हणजे जगड्व्याळ कंपनी, आणि तक्रार करणारा कित्येकदां एकटा संशोधक किंवा नुकताच नोकरीस लागलेला तरुण. त्यानें पुष्कळदां तिचा माल विकतही घेतलेला नसतो. त्याच्या पत्रामागें ऑर्डरचें वजन नाहीं. असलेंच तर तें फक्त पुराव्याचें. म्हणून असें पत्र कसें लिहावें हें जाणणें अगत्याचें आहे.

पत्रांत आज्ञावलीचें नांव व तिची नेमकी आवृत्ति असावी. कोणत्या पायऱ्यांनीं गेलें असतां दोष दिसतो, तें इतक्या स्पष्टपणें लिहावें कीं, निर्मात्याच्या माणसास आपल्या टेबलाशीं बसून तो जसाच्या तसा पाहतां यावा. दोषामुळें काय हानि होऊं शकेल तें सांगावें, पण तिळाचा ताड करूं नये. एकदां अतिशयोक्ति आढळली कीं खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो. आपण काय पाहिलें, कशास हात लावला आणि कशास लावला नाहीं, हें तारखांसह नमूद करावें. ‘इतके रुपये द्या, नाहींपेक्षां जाहीर करतों’ हें वाक्य पत्रांत आलें, तर तो इशारा न राहतां खंडणी होते. निर्मात्यानें दोष शोधणाऱ्यांसाठीं आपण होऊन बक्षीस जाहीर केलें असेल, तर तें घेण्यांत मात्र कांहीं गैर नाहीं.

आपल्या औद्योगिक पट्ट्याशीं संबंध असलेलें एक उदाहरण पाहूं. तें मेनफ्रेमचें नाहीं, पण रीत तीच आहे. टाटा मोटर्सचा मोठा कारखाना पिंपरी-चिंचवडमध्यें आहे हें सर्वांस ठाऊक आहे. मालवाहू मोटारींचे सुटे भाग विकण्यासाठीं या कंपनीनें ‘ई-दुकान’ नांवाचें ऑनलाइन दुकान चालविलें. २०२३ सालीं एका सुरक्षा-संशोधकास असें आढळलें कीं, कंपनीच्या माहितीच्या भांडारांच्या किल्ल्या त्या दुकानाच्या आज्ञावलींत कोणासही वाचतां येतील अशा राहिल्या आहेत. घरास कुलूप लावून किल्ली दाराशेजारच्या खिळ्यास अडकवावी, तसा हा प्रकार. त्या भांडारांत लाखों बिलें होतीं, आणि त्यांत ग्राहकांचीं नांवें, पत्ते व पॅन क्रमांक होते. संशोधकानें ऑगस्ट २०२३ मध्यें ही गोष्ट ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेमार्फत कंपनीस कळविली. आपण मोठ्या प्रमाणावर माहिती उतरवून घेतली नाहीं, असेंही त्यानें सांगितलें आहे. दुरुस्ती चालू असल्याचें कंपनीनें त्यास ऑक्टोबर २०२३ मध्यें कळविलें. ही हकीगत वृत्तपत्रीं आली ती २०२५ च्या ऑक्टोबरांत, आणि तेव्हां कळविलेले सर्व दोष २०२३ सालींच दूर केल्याचें कंपनीनें मान्य केलें. ज्यांची माहिती उघडी पडली होती त्या ग्राहकांस तसें कळविलें काय, या प्रश्नाचें उत्तर मात्र कंपनीनें दिलें नाहीं.

या हकीगतींत दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, संशोधकानें दोष प्रथम चव्हाट्यावर न मांडतां योग्य ठिकाणीं सांगितला आणि दुरुस्तीस अवधि दिला. दुसरी, त्यानें मध्यस्थाचा उपयोग केला. परक्या माणसाचें पत्र मोठ्या कचेरींत कोणत्या टेबलावर पडून राहील याचा भरंवसा नसतो. सरकारी संस्थेचें पत्र असें पडून राहत नाहीं. सर्ट-इन ही संस्था भारत सरकारनें २००४ सालीं सुरू केली, आणि संगणकांवरील हल्ल्यांच्या तक्रारींप्रमाणेंच आज्ञावलींतील दोषांच्या सूचनाही ती स्वीकारते. अमेरिकेंत असेंच मध्यस्थाचें काम कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एक केंद्र १९८८ पासून करीत आलें आहे. निर्मात्यास कळविल्यापासून सामान्यतः ४५ दिवसांनीं दोष जाहीर करावा, असा त्या केंद्राचा संकेत आहे. गूगलच्या संशोधक-मंडळानें ही मुदत ९० दिवसांची ठेविली.

येथें कोणी विचारील कीं, दोष शेवटीं जाहीर तरी कां करावा? निर्मात्यास सांगितलें, काम झालें. चोरास वाट कशाला दाखवावी? हा वाद संगणकाहून जुना आहे. लंडन येथें १८५१ सालीं भरलेल्या महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें इंग्लंडांत अभेद्य समजलें जाणारें चब कंपनीचें कुलूप सर्वांसमक्ष उघडून दाखविलें. नंतर ब्रामा कंपनीचें कुलूपही त्यानें अनेक दिवस खपून उघडलें. तें उघडणाऱ्यास २०० गिनींचें बक्षीस त्या कंपनीनें कित्येक वर्षें लावून ठेविलें होतें. अशा प्रयोगांनीं चोर शहाणे होतील, अशी ओरड झाली. हॉब्सच्या पक्षाचें उत्तर असें होतें कीं, चोर आपल्या धंद्यांत अगोदरच शहाणे असतात. अंधारांत राहतो तो बिचारा कुलूप विकत घेणारा.

मेनफ्रेमच्या जगांत हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. या यंत्रांतील सुरक्षा-दोषांचा तपशील आयबीएम सर्वांसाठीं छापीत नाहीं. नांव नोंदविलेल्या ग्राहकांसच दोषाच्या गांभीर्याचें मान व दुरुस्ती कळविली जाते. कंपनीचें म्हणणें समजण्यासारखें आहे, कारण एका यंत्रावर सबंध बँक उभी असते आणि दुरुस्ती बसविण्यास ग्राहकांस वेळ लागतो. परंतु गुप्ततेमुळें ‘आमच्या यंत्रांत कोणी शिरूंच शकत नाहीं’ असा खोटा दिलासाही वाढीस लागतो. स्वीडनमध्यें लॉजिका नांवाच्या संगणक-सेवा कंपनीच्या मेनफ्रेममध्यें घुसखोरी झाल्याचें २०१२ सालीं उघडकीस आलें, आणि त्या यंत्रावर सरकारी खात्यांची माहिती होती. तपासांत तोंपर्यंत जाहीर नसलेले दोष हातीं लागले व आयबीएमनें ते दुरुस्त केले. म्हणजे ते दोष सज्जनांच्या आधीं दुर्जनांस सांपडले होते! तेव्हां दुरुस्ती हातीं येईपर्यंत मौन आणि ती आल्यावर पुरेसा उघडपणा, हाच मध्यम मार्ग बहुतेक जाणत्यांनीं पतकरला आहे.

मौन मर्यादेपलीकडे लांबलें तर काय होतें, याचा अनुभव महाराष्ट्रानें घेतला आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज आज्ञावलींतील एक गंभीर दोष अमेरिकेच्या एका गुप्तचर संस्थेस ठाऊक होता. तिनें तो निर्मात्यास वेळेवर न सांगतां आपल्या उपयोगासाठीं राखून ठेविला. पुढें त्या संस्थेचीं हत्यारें चोरीस गेलीं. मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्यें दुरुस्ती दिली, पण ती सर्वत्र बसविली गेली नाहीं. २७ जून २०१७ रोजीं त्याच दोषाचा व चोरलेल्या संकेतशब्दांचा उपयोग करणारा एक घातक विषाणु जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे संगणक बंद पडले, आणि तिच्या समूहाकडे असलेला आपल्या न्हावा-शेवा बंदरांतील धक्काही ठप्प झाला. कंटेनर घेऊन आलेल्या ट्रकांस बंदराबाहेर खोळंबावें लागलें. चाकणच्या कारखान्यांचा परदेशीं जाणारा पुष्कळ माल याच बंदराच्या वाटेनें जातो. एका कचेरींत दडवून ठेवलेली गोष्ट सातासमुद्रांपलीकडच्या ट्रकचालकाच्या रोजीवर येते ती अशी.

आतां विद्यार्थी बंधुभगिनींनो, एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. दोष दिसणें निराळें आणि परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकाचें कुलूप हलवून पाहणें निराळें. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ प्रमाणें मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकांत प्रवेश करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. आणि तेंच कृत्य अप्रामाणिकपणें किंवा कपटानें केलें असेल, तर कलम ६६ प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आपला हेतु चांगला होता, हें न्यायासनापुढें सिद्ध करीत बसण्याची पाळी येऊं देऊं नये. समजा, परीक्षेचा निकाल पाहतांना आपला क्रमांक चुकून निराळा लिहिला गेला आणि दुसऱ्याच मुलाची खासगी माहिती समोर आली. तर आणखी दहा क्रमांक घालून पाहूं नयेत, मित्रांस पाठवूं नये. तेथेंच थांबावें, काय घडलें तें कागदावर लिहून ठेवावें आणि शिक्षकांस किंवा वडिलांस सांगावें. शिकण्याची हौस असेल, तर स्वतःच्या यंत्रावर किंवा ज्या कंपन्यांनीं तपासणीस जाहीर परवानगी दिली आहे त्यांच्याच आज्ञावलींवर, त्यांच्या नियमांत राहून, ती पुरवावी.

पालकांसही एक विनंति आहे. असा मुलगा किंवा मुलगी घरीं येऊन सांगूं लागली, तर ‘तुला कोणीं सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी’ असें म्हणून तिचें तोंड बंद करूं नये. आपण स्वतः कारखान्यांत तडा दिसल्यावर लाल खूण करणाऱ्या कामगारास दोष देत नाहीं. उलट खूण न करतां माल पुढें ढकलणाऱ्यास जाब विचारतों. कचेरींतील वरिष्ठांसही हाच न्याय लागू आहे. जेथें वाईट बातमी आणणाऱ्यावर डोळे वटारले जातात, तेथें बातमी येणें बंद होतें. दोष मात्र होते तेथेंच राहतात.

सारांश, दोष सांपडल्यावर तो प्रथम निर्मात्यास, पुराव्यासह आणि लोभावांचून सांगावा. उत्तर न आल्यास सर्ट-इनसारख्या योग्य मध्यस्थाकडे जावें. आणि दुरुस्तीस रास्त अवधि द्यावा. निर्मात्यानें सांगणाऱ्याचे आभार मानावेत, दोष दूर करावा, आणि ज्यांस त्याची झळ पोहोंचली असेल त्यांस स्वतः कळवावें. ग्राहकानें आलेली दुरुस्ती उद्यांवर न ढकलतां बसवावी. यांपैकीं एकानेंही आपला वांटा टाळला, तर बाकीच्यांची मेहनत वायां जाते. आमच्या शाळेंतून बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थी उद्यां हिंजवडीच्या कचेऱ्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत जागा घेतील. तेथें त्यांच्या नजरेस पडणारा एखादा तडा लाल रंगानें खूण करण्यासारखा नसेल; तो त्यांनाच शब्दांनीं दाखवून द्यावा लागेल. त्या वेळीं नेमकें लिहितां येणें आणि न भितां सांगतां येणें, हे दोन्हीं गुण त्यांच्या अंगीं असले पाहिजेत, आणि त्यांचा अभ्यास शाळेंतच सुरू होतो.